सांचीचा बिनस्वाराचा घोडा

इंदूरजवळ महूला, डॉ. आंबेडकरांच्या जन्मस्थळी (१४ एप्रिल १८९१), स्तूपासारखं घुमटाकार स्मारक आहे. स्तूपासारखी बौद्ध चिन्हं शोभेची नव्हेत, वाचायची असतात. बोधिवृक्ष म्हणजे बुद्धाची संबोधी, चक्र म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन, स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. सांचीच्या पहिल्या स्तूपाचं पूर्व तोरण पाहा : कपिलवस्तूतून घोडा निघतो, पाठ रिकामी, वर मात्र छत्र, शेवटी नुसती पावलं. स्वार सिद्धार्थ, म्हणजे पुढचा बुद्ध, कोरलेलाच नाही. काही अभ्यासक अशा शिल्पांत बुद्धाच्या आयुष्याऐवजी नंतरच्या तीर्थपूजेची दृश्यं पाहतात. झाडाच्या पूजेला ते लागू पडेलही. पण रिकाम्या घोड्यावर छत्र कशासाठी धरतील? इथे गृहत्यागच वाचावा लागतो. चक्र वाचताना आरेही मोजावेत : राष्ट्रध्वजावरच्या चक्राला २४ आरे; अष्टांगिक मार्गाच्या चक्राला ८.