आंतड्यांतील नाकेदार आणि मृत्यूनंतरची तपासणी

पालघर किंवा बोईसर येथील एखाद्या घरांत मनुष्य मरण पावला, म्हणजे आप्तेष्टांची पहिली धांवपळ असते ती अंत्यसंस्काराची. मुंबईचा मुलगा गाडींत बसलेला असतो, शेजारीपाजारी जमलेले असतात, आणि उन्हें चढण्यापूर्वीं सर्व उरकावें अशी प्रत्येकाची इच्छा असते. अशा वेळीं डॉक्टरनें "आजार नीट उमगला नाहीं, शरीर उघडून पाहूं द्याल काय?" असें विचारलें, तर तो प्रश्न निष्ठुर वाटावा ह्यांत नवल नाहीं. परंतु मनुष्याच्या आंतड्यांत रोगाशीं झुंजणारी जी यंत्रणा आहे, तिची पहिली ओळख वैद्यकाला मृतांच्या शरीरांतच झाली. म्हणून ह्या प्रश्नामागें काय आहे, हें शांत चित्तानें समजून घेणें अगत्याचें आहे.

लहान आंतडें मृत शरीरांतून काढून मोजलें, तर सुमारें सहा मीटर, म्हणजे वीस फूट भरतें. जिवंतपणीं स्नायूंच्या ताणामुळें तें ह्याहून बरेंच आखूड असतें. ह्या नळींतून रोज अन्नपाणी जातें आणि त्याबरोबर असंख्य जंतूहि जातात. अन्नाचा अंश आंत घ्यावयाचा आणि शत्रूला मात्र अडवावयाचें, असें दुहेरी काम आंतड्याच्या पातळ अस्तराला करावें लागतें. त्यासाठीं निसर्गानें त्या अस्तरांत जागोजागीं पांढऱ्या रक्तपेशींचे पुंजके बसविले आहेत. स्वित्झर्लंडमधील योहान कोन्राड पायर ह्या वैद्यानें १६७७ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून त्यांस 'पायरचे पुंजके' असें म्हणतात. लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत ते विशेष दाट असतात.

ह्या पुंजक्यांचें काम जकातीच्या नाक्यासारखें आहे. नाकेदार गाडींतील सर्व माल उतरवून घेत नाहीं. थोडा नमुना काढून पाहतो. त्याचप्रमाणें पुंजक्यावरील कांहीं विशिष्ट पेशी आंतड्यांतून जाणाऱ्या जंतूंचे नमुने उचलून आंतल्या रक्षक पेशींच्या हवालीं करतात. मनुष्याच्या आंतड्यांतील ह्या पेशींचें बारीक वर्णन १९७४ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें झालें. नमुना ओळखीचा झाला, कीं रक्षक पेशी त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करण्याच्या मार्गाला लागतात.

परंतु नाकाच कधीं कधीं शत्रूच्या हातीं पडतो. विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा जंतु ह्याच पुंजक्यांतून शरीरांत शिरतो. पॅरिसच्या पियेर लुई ह्या वैद्यानें ह्या तापानें मेलेल्यांचीं व इतर रोगांनीं मेलेल्यांचीं आंतडीं पडताळून पाहिलीं, आणि सुजलेले व व्रण पडलेले पायरचे पुंजके हीच ह्या तापाची खूण होय, असें १८२९ सालीं दाखवून दिलें. पुढें १८८० सालीं एबर्ट ह्यानें अशाच मृतांच्या अवयवांत तो जंतु पाहिला, आणि १८८४ सालीं गाफ्की ह्यानें तो प्रयोगशाळेंत वाढविला. प्रथम मृताच्या आंतड्यांतील खूण, मग जंतु, आणि त्यानंतर लस, असा हा क्रम आहे. २०१८ सालीं नवी मुंबई महानगरपालिकेनें मुलांना टायफॉइडची नवी लस टोंचली, तिचें मूळ शोधूं गेल्यास पॅरिसमधील त्या विच्छेदनाच्या मेजापर्यंत जावें लागतें.

शवविच्छेदन करणाराला आंतड्यावरील व्रण अक्षरांसारखे वाचतां येतात. विषमज्वराचे व्रण पुंजक्यांवर पडतात, म्हणून ते आंतड्याच्या लांबीच्या दिशेनें लांबट असतात. क्षयाचे व्रण लसिकावाहिन्यांच्या मार्गानें पसरतात, म्हणून ते बहुधा आंतड्याला कंकणासारखे आडवे वेढतात. जिवंतपणीं ह्या दोन्ही रोगांत ताप आणि पोटाचें दुखणें असूं शकतें. परंतु आंतडें उघडल्यावर त्यांतील भेद डोळ्यांना दिसतो.

पोलिओची कथाहि अशीच आहे. ह्या रोगाचा विषाणु नाकावाटे मेंदूंत शिरतो, असा पूर्वीं समज होता. अमेरिकेंत अल्बर्ट सेबिन व वॉर्ड ह्यांनीं पोलिओनें मेलेल्यांचे अवयव तपासले, तेव्हां विषाणु नाकाशीं जोडलेल्या ज्ञानतंतूंत न सांपडतां अन्नमार्गांत सांपडला. हें संशोधन १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. शत्रू पोटांतून येतो, तर पहाराहि पोटांतच बसवावा, ह्या विचारानें सेबिन ह्यांनीं पुढें तोंडानें घ्यावयाची लस तयार केली. तारापूरच्या कोळीवाड्यांत काय आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काय, मुलांच्या जिभेवर पडणारे दोन थेंब आंतड्यांतील रक्षक पेशींना शिकविण्यासाठींच आहेत. भारतांत पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला.

निरोगी आंतड्याचा अभ्यासहि मृतांवांचून झाला नाहीं. कॉर्न्स नांवाच्या इंग्रज संशोधकानें निरनिराळ्या वयांच्या मृतांचीं आंतडीं घेऊन पुंजके मोजले आणि तो हिशेब १९६५ सालीं प्रसिद्ध केला. जन्माच्या सुमारास पुंजके शंभराच्या आसपास असतात, यौवनाच्या उंबरठ्यावर ते सव्वादोनशेच्या वर जातात, आणि पुढें वयाबरोबर घटत जातात. अलीकडे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डोना फार्बर ह्यांच्या संशोधकमंडळानें अवयवदात्यांच्या शरीरांतील आंतडीं, फुप्फुसें व प्लीहा एकत्र अभ्यासून असें दाखविलें, कीं कित्येक रक्षक पेशी आपापल्या अवयवांतच वस्ती करून राहतात. त्यांचा पत्ता दंडांतून काढलेल्या रक्तांत लागत नाहीं.

मग ही तपासणी सर्रास कां होत नाहीं? पहिली अडचण वेळेची. मृत्यूनंतर आंतड्यांतील पाचक रस व जंतु अस्तरालाच खाऊं लागतात. कांहीं तासांतच नाजूक पेशींची ओळख पुसली जाते. किनाऱ्यावरील दमट उष्म्यांत हें काम अधिकच लवकर होतें, आणि बोईसरहून मुंबई सुमारें शंभर किलोमीटर दूर आहे. शव त्वरित शीतपेटींत ठेवलें, तर नाश मंदावतो. थांबत मात्र नाहीं.

दुसरी अडचण समजुतीच्या घोटाळ्याची आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत अपघातानें कोणी दगावला, तर पोलीस पंचनामा होऊन कायद्यानें शवविच्छेदन होतें. त्यास नातलगांची संमति लागत नाहीं. त्यांत विषाचा संशय असल्यास आंतड्याचा तुकडा मिठाच्या द्रावणांत घालून रासायनिक तपासणीसाठीं पाठवितात. पेशी पाहावयाच्या, तर तुकडा फॉर्मेलिनमध्यें घालावा लागतो. रोग समजण्यासाठीं रुग्णालयांत होणारें विच्छेदन मात्र निराळें. तें जवळच्या नातलगांच्या संमतीवांचून होत नाहीं. देहदान ही तिसरीच गोष्ट. त्यांत देह औषधांनीं टिकवून विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवितात. विच्छेदन झालेला देह महाविद्यालयें सहसा स्वीकारीत नाहींत. नेत्रदान मात्र देहदानाच्या आड येत नाहीं.

जुन्या काळीं इस्पितळांत मरणाऱ्या गोरगरिबांना कोणी विचारीत नसे. मुंबई इलाख्यांतहि १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानें बेवारशी प्रेतें शिक्षणासाठीं देण्याची सोय झाली. त्या मृतांचें मत कोणास ठाऊक असणार? आज घरच्यांना विचारलें जातें, आणि 'नको' म्हणण्याचा त्यांना पुरा अधिकार आहे. कोणता भाग घेणार, किती वेळ लागणार, देह केव्हां परत मिळणार व अहवाल कोणास कळविणार, हीं चार उत्तरें मागून घेण्यासहि त्यांनीं संकोच करूं नये.

हा निर्णय रडण्याच्या घडीला घेणें सर्वांत कठीण असतें. आंतड्यांचें अस्तर तर कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून वडील माणसांनीं आपली इच्छा, ती होकाराची असो वा नकाराची, धडधाकट असतांनाच मुलांना स्पष्ट सांगून ठेवावी.