दंडावरील व्रण आणि संरक्षणाची खूण

आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर एक लहानसा गोल व्रण असेल. जन्मल्यानंतर थोड्याच काळांत टोचलेल्या बी. सी. जी. लसीची ती खूण होय. त्या खुणेकडे आपण कधीं लक्ष देत नाहीं. माझें लक्ष तिकडे गेलें तें एका पालकाच्या प्रश्नामुळें. माझ्या वर्गांतील नववीच्या एका मुलास फुफ्फुसाचा क्षय झाल्याचें निदान झालें. त्याचे वडील रजेचा अर्ज घेऊन शाळेंत आले आणि मला म्हणाले, “गुरुजी, लेकराच्या दंडावर लसीचा व्रण आहे. मग त्याला हा रोग झालाच कसा?”

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना गणित शिकविणारा मनुष्य. मला उत्तर देतां आलें नाहीं. मुलगा पुढें औषधोपचारानें बरा झाला, परंतु प्रश्न माझ्या मनांत राहिला. अलीकडे माझी एक जुनी विद्यार्थिनी याच विषयावर पीएच्. डी. चा प्रबंध लिहीत आहे असें कळलें. सुटींत ती भेटावयास आली तेव्हां तिच्याकडून मीं पुष्कळ समजून घेतलें, कांहीं वाचन केलें, आणि तेंच आज आपणांसमोर ठेवीत आहें.

प्रथम या लसीची हकीकत पाहूं. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें क्षयजंतूचा शोध जाहीर केला. पुढें १९०८ सालीं फ्रान्समधील लील शहरीं काल्मेत व गेरँ या दोघांनीं गाईच्या क्षयाचा जंतु घेऊन तो पित्त व ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढविण्यास आरंभ केला. एका कापावरून दुसऱ्या कापावर, असा तो त्यांनीं तेरा वर्षांत २३० वेळां नेला. पहिल्या महायुद्धांत लील शहर जर्मन सैन्याच्या ताब्यांत असतांहि त्यांनीं हें काम सोडलें नाहीं. अखेर जंतु जिवंत राहिला, पण त्याची रोग उत्पन्न करण्याची शक्ति गेली. १९२१ सालीं पॅरिस येथें ही लस प्रथम एका अर्भकास देण्यांत आली. नांवांतील ‘सी’ व ‘जी’ हीं त्या दोघांचींच आद्याक्षरें होत.

या लसीनें लहान मुलांवर मोठे उपकार केले आहेत. मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्व शरीरभर पसरणारा क्षय या दोन घातक प्रकारांपासून ती बालकांचें चांगलें रक्षण करते. मात्र मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयासंबंधीं तिची हकीकत चमत्कारिक आहे. १९५० सालीं इंग्लंडमध्यें शाळा सोडण्याच्या वयाच्या मुलांवर जो प्रयोग सुरू झाला, त्यांत लसीनें शेंकडा ७५ हून अधिक संरक्षण दिलें. उलट, आपल्याकडे चेन्नईजवळील चेंगलपट्टू भागांत १९६८ सालीं अडीच लक्षांहून अधिक लोकांवर प्रयोग सुरू झाला, आणि तेथें मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून लसीनें कांहींच संरक्षण दिलें नाहीं! त्या पालकाच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर येथेंच आहे. त्याच्या मुलाची लस वायां गेली नव्हती. तिनें आपलें बालपणीचें काम बजावलें होतें. पुढच्या वयाची हमी मात्र तिच्याजवळ नव्हती.

असें कां व्हावें? क्षयजंतूची राहण्याची तऱ्हाच विलक्षण आहे. आपल्या शरीरांत परक्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी असतात. हा जंतु त्यांच्याच पोटांत घर करून राहतो. पोलिसाच्याच घरांत चोरानें बिऱ्हाड करावें तसा हा प्रकार! पुष्कळ रोगांत रक्तांतील प्रतिपिंडें जंतूंना बाहेरच गांठतात. येथें जंतु पेशीच्या आंत असल्यानें त्यांचा उपाय अपुरा पडतो. म्हणून टी-पेशी नांवाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींनीं त्या भक्षक पेशींना जागें करावें लागतें. जगांतील सुमारें चौथा हिस्सा माणसांना या जंतूचा संसर्ग झालेला आहे असा अंदाज आहे. परंतु त्यांपैकीं शेंकडा पांच ते दहा लोकांनाच आयुष्यांत केव्हां तरी रोग होतो. बाकीच्यांचें शरीर त्याला दाबून धरतें. तें नेमकें कशाच्या बळावर, हेंच पुरतें समजलेलें नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. कावीळ ब या रोगाची लस घेतल्यावर रक्तांतील प्रतिपिंडांचें माप घेतां येतें. तें ठराविक अंकाच्या वर असलें कीं मनुष्य सुरक्षित, असें डॉक्टर सांगूं शकतात. या मापास आपण ‘संरक्षणाची खूण’ म्हणूं. क्षयाच्या बाबतींत अशी खात्रीची खूण अद्यापि सांपडलेली नाहीं. दंडावरील व्रण लस टोचल्याची साक्ष देतो. संरक्षण मिळाल्याची साक्ष तो देत नाहीं.

खूण नसल्यामुळें केवढी अडचण होते, तें दोन उदाहरणांवरून दिसेल. दक्षिण आफ्रिकेंत एका नव्या लसीचा प्रयोग २,७९७ तान्ह्या मुलांवर झाला. लसीनें टी-पेशी जागृत झालेल्या दिसल्या. सर्वांस आशा वाटली. परंतु २०१३ सालीं निकाल आला तो असा कीं, बी. सी. जी. हून अधिक असें कांहींच संरक्षण मिळालें नाहीं. म्हणजे ज्या खुणेवर विसंबलों ती खूण फसवी निघाली. दुसरें उदाहरण ‘एम ७२’ या लसीचें. केनिया, दक्षिण आफ्रिका व झांबिया येथें संसर्ग झालेल्या सुमारें ३,३०० प्रौढांची तीन वर्षें पाहणी केली. लस घेतलेल्यांत १३ व न घेतलेल्यांत २६ जणांना क्षय झाला. म्हणजे संरक्षण सुमारें निम्मे. २०१९ सालीं हा आशादायक निकाल प्रसिद्ध झाला. पण एवढ्या माणसांची तीन वर्षें वाट पाहून उत्तर मिळालें तें अवघ्या ३९ रोग्यांच्या हिशेबावर! त्या लसीच्या अंतिम प्रयोगास २०२४ सालीं आरंभ झाला, त्यासाठीं सुमारें २०,००० लोकांची योजना करावी लागली. आपल्या देशांतहि २०१९ सालीं क्षयरोग्यांच्या घरांतील सुमारें १२,००० माणसांवर दोन लसींचा प्रयोग सुरू झाला; त्यांतील एक लस पुण्यांत तयार झालेली होती. खरी खूण हातीं असती तर रक्ताच्या कांहीं थेंबांवरून कोणती लस पुढें न्यावी व कोणती सोडावी, हें कितीतरी लवकर ठरवितां आलें असतें.

ही खूण शोधण्याचें काम माझी विद्यार्थिनी करते. तिच्या मेजावर सूक्ष्मदर्शक नाहीं, कांचेच्या नळ्या नाहींत. एक संगणक आहे. मला हें पाहून नवल वाटलें. तिनें सांगितलें, “गुरुजी, आपण निकालपत्रक करीत होतां ना? माझेंहि निकालपत्रकच आहे. फक्त विषय वीस हजार आहेत!” माणसाच्या पेशींत प्रथिनें घडविणारीं सुमारें वीस हजार जनुकें आहेत. रक्ताच्या एका नमुन्यावरून त्यांतील कोणतें जनुक किती जोमानें काम करीत आहे हें आतां मोजतां येतें. क्षयजंतूचीहि चव्वेचाळीस लक्ष अक्षरांची संपूर्ण वंशलिपि १९९८ सालीं वाचली गेली. तींत सुमारें चार हजार जनुकें आहेत. एवढें मोठें पत्रक माणसानें हातानें तपासणें अशक्य. म्हणून जीवशास्त्रास संगणकाचें साह्य घ्यावें लागलें.

या पद्धतीचा एक प्रसिद्ध नमुना दक्षिण आफ्रिकेंतीलच आहे. तेथें १२ ते १८ वर्षें वयाच्या ६,३६३ मुलांमुलींची पाहणी केली व वेळोवेळीं त्यांचें रक्त जपून ठेविलें. पुढें ज्यांना क्षय झाला त्यांचें जुनें रक्त, जीं निरोगी राहिलीं त्यांच्या रक्ताशीं ताडून पाहिलें. तेव्हां सोळा जनुकांचा एक समूह असा सांपडला कीं, रोग प्रकट होण्यापूर्वीं वर्षभर तो इशारा देऊं लागतो. २०१६ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. अर्थात् तो इशारा अचूक नव्हे. रोग होणाऱ्या तिघांपैकीं सुमारें दोघांनाच तो ओळखतो. शिवाय ही येणाऱ्या रोगाची खूण झाली. लसीनें मिळणाऱ्या संरक्षणाची खूण निराळी, आणि ती शोधणें अधिक कठीण.

कठीण कां, तें माझ्या गणिताच्या भाषेंत सांगतों. समजा, वीस हजार मुलांनीं प्रत्येकीं दहा वेळां नाणें उडविलें. दहाहि वेळां छापा पडण्याचा संभव १,०२४ त एक. म्हणजे केवळ योगायोगानेंच सुमारें वीस मुलांचा दहाहि वेळां छापा पडेल. या वीस मुलांना जादू येते असें आपण म्हणणार काय? वीस हजार जनुकांच्या पत्रकांत नेमका हाच धोका आहे. कांहीं जनुकें योगायोगानेंच ‘संरक्षक’ भासतात. म्हणून प्रामाणिक संशोधक कांहीं नमुने आरंभींच बाजूला मोहोरबंद ठेवतो, आणि सांपडलेली खूण शेवटीं त्यांच्यावर, व नंतर दुसऱ्या देशांतील लोकांवर, पडताळून पाहतो. माझ्या विद्यार्थिनीला दोन वर्षांच्या श्रमानंतर सांपडलेली एक खूण या पडताळ्यांत टिकली नाहीं. तिनें ती प्रबंधांत तशीच नमूद केली आहे. मला तिच्या बुद्धीपेक्षांहि या गोष्टीचा अधिक अभिमान वाटला.

आशेस जागा आहे. २०२० सालीं अमेरिकेंत माकडांवर झालेल्या प्रयोगांत तीच जुनी बी. सी. जी. लस त्वचेऐवजीं शिरेंतून दिली, तेव्हां दहांपैकीं नऊ माकडांना उत्तम संरक्षण मिळालें. सहांच्या शरीरांत तर जंतूचा मागमूसहि सांपडला नाहीं. माणसांना अशी लस सरसकट देणें इष्ट नसेल. परंतु खरें संरक्षण मिळालें असतां रक्तांत व फुफ्फुसांत काय घडतें याचा नमुना त्यामुळें संशोधकांच्या हातीं आला.

२०२३ या एका वर्षांत जगांत सुमारें साडेबारा लक्ष माणसें क्षयानें दगावलीं, आणि त्या वर्षीं आजारी पडलेल्यांपैकीं चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक लोक भारतांतील होते. म्हणून खूण सांपडेपर्यंत आपण स्वस्थ बसतां कामा नये. तान्ह्या मुलास बी. सी. जी. अवश्य टोचून घ्यावी. मात्र दंडावर व्रण आहे म्हणून दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला अंगावर काढूं नये; थुंकी तपासून घ्यावी, आणि औषध सुरू झाल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरें करावें. रोग्यास घरांत वा शाळेंत वाळींत टाकूं नये.

त्या पालकाची पुन्हां गांठ पडली तर त्यांना मी एवढेंच सांगेन, “तुमचा प्रश्न बरोबर होता. मोठमोठे विद्वान आज तोच प्रश्न सोडवीत बसले आहेत.”