संगणकावर पान जुळवताना

लग्नाच्या पत्रिका तुम्ही पाहिल्या असतील. आपल्या छत्रपती संभाजीनगरात काही पत्रिका उर्दूत असतात, काही मराठीत, तर काही दोन्ही लिप्यांत.

पूर्वी उर्दू मजकूर कातिब बोरूने लिहीत. नस्तालिक लिपीत शेजारचे अक्षर पाहून अक्षर आपला आकार बदलते आणि शब्द तिरका खाली उतरतो. त्यामुळे शिशाच्या खिळ्यांनी ती जुळवणे फार अवघड होते. १९८१ मध्ये पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांच्या ‘नूरी नस्तालिक’मुळे ती संगणकावर आली. त्यासाठी त्यांनी हजारो अक्षरजोड हाताने लिहिले! पुढे १९९४ मध्ये भारतात ‘इनपेज’ तयार झाले आणि लहान छापखान्यातही उर्दू पान जुळू लागले.

शिकताना आधी पानाचा आकार ठरवा. ए-४ पान २१ सेंमी रुंद व २९.७ सेंमी उंच असते. चारही बाजूंना समास सोडा. मग चौकट आखा, कारण मजकूर चौकटीतच बसतो. उर्दूसाठी उजवीकडून, मराठीसाठी डावीकडून अशी दिशा निवडा. फोनेटिक कळफलकावर ‘के’ची कळ दाबली की काफ उमटतो. एवढे सरावाने जमते.

खरी कसोटी प्रूफ वाचताना लागते. वरचा नुक्ता खाली गेला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. (उर्दूतला ‘दीन’ तर आणखी निराळा!) हे सारेच शब्द खरे असल्यामुळे संगणक तक्रार करत नाही. चूक राहिली तर सगळ्या पत्रिका वाया जातात. म्हणून छपाईपूर्वी एक प्रत कागदावर काढा आणि ती दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या.