पिसांच्या रंगावरून पहिल्याच दिवशी ओळखा तलंग



खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली आणि दहा पिल्ले निघाली, की घरात आनंद होतो. पण त्यात तलंगा किती नि कोंबडे किती, हे नीट कळायला दीड-दोन महिने जातात. तोवर दाणे सगळ्यांनाच सारखे घालावे लागतात. रंगाची जोडी नीट जुळवली, तर हा हिशेब पहिल्याच दिवशी लागतो.

जोडी कोणती?
कोंबडा ऱ्होड आयलंड रेड जातीचा, म्हणजे तांबडा घ्यावा. कोंबड्या प्लायमाउथ रॉक जातीच्या कबऱ्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या घ्याव्यात. दोन्ही जाती शुद्ध हव्यात. त्यांची सर्व पिल्ले काळ्या लवेची निघतात. ज्याच्या डोक्यावर पांढरट ठिपका तो कोंबडा, जिचे डोके साफ काळे ती तलंग. मोठेपणी कोंबडे कबरे होतात. तलंगा काळ्याच राहतात, मानेवर थोडी तांबूस झाक येते.

असे का होते?
गुरांत वासरू नर की मादी हे वळूकडून ठरते. पक्ष्यांत मात्र ते आईकडून ठरते. कबरी कोंबडी पट्ट्यांचा गुण फक्त आपल्या नर पिल्लांना देते, मादी पिल्लांना देत नाही. म्हणून ठिपका नरांवरच उमटतो.

जोडी उलटी करू नका. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने कबरा कोंबडा आणि तांबड्या कोंबड्या ठेवल्या. पिल्ले निघाली ती सगळीच ठिपक्याची. "साहेब, यंदा सगळे कोंबडेच निघाले की हो!" असे म्हणत त्यांनी ती बाजारात विकूनही टाकली. त्यात निम्म्याच्या आसपास तलंगा असणार! कबरा कोंबडा आपला गुण मुलगे-मुली दोघांनाही देतो, हे ध्यानात ठेवा. गावठी कबऱ्या कोंबडीच्या पिल्लांत रंगांची सरमिसळ असते, तिथेही ठिपक्यावर भरवसा ठेवू नये.

अंडी जमवताना
१) आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. पूर्वीचा कोंबडा काढल्यावर तीन आठवडे उबवणीची अंडी धरू नका, कारण त्याचे बीज कोंबडीच्या अंगात बरेच दिवस टिकते. तोवरची अंडी घरात खावीत.
२) अंडी सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची आणि न तडकलेली निवडा. ती धुऊ नका. गार जागी, रुंद टोक वर करून ठेवा.

उबवताना
३) गावठी खुडूक कोंबडी हे घरचे उत्तम यंत्र होय. अंगाच्या मानाने दहा-बारा अंडी द्या. टोपलीत कोरडे गवत घालून ती अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा. कोंबडीच्या अंगावरच्या उवा-पिसवांचा आधी बंदोबस्त करा. दाणा-पाणी जवळच असावे.
४) सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरून पाहा. लाल शिरांचे जाळे दिसले तर पिल्लू वाढते आहे. अंडे साफ उजळ दिसले तर ते काढून टाका.
५) एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. कवच फोडून पिल्लू ओढून काढू नका. लव वाळली, की दिवसाच्या उजेडात ठिपका पाहा आणि तलंगांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधा. पाय वाढेल तसा तो बदला.
६) पाच ते सात दिवसांच्या वयात मानमोडीची लासोटा लस द्या. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.

शेवटची एक गोष्ट. या काळ्या तलंगा अंड्यांसाठी ठेवा, पण त्यांची भावंडांशीच जोडी लावून पुढची पिढी काढू नका. पुढच्या पिढीत रंग फुटतात आणि ठिपक्याची खूण बिनभरवशाची होते. दरवेळी मूळचा तांबडा कोंबडा आणि मूळच्या कबऱ्या कोंबड्याच वापरा. त्या वेगळ्या खुराड्यात जपा. खूण टिकते ती त्यांच्या शुद्धपणावर.