वितळजोड विरूपण, जहाजबांधणीतील

वितळजोडकामाने म्हणजे वेल्डिंगने सांधलेला पोलादी भाग थंड झाल्यावर त्याच्या मूळ आकारात व मापात जो कायमचा फरक पडतो, त्यास वितळजोड विरूपण म्हणतात. पुलाच्या जाड तुळईत तो सहसा डोळ्यांत भरत नाही. युद्धनौकेत मात्र वजन कमी ठेवण्यासाठी मोजक्या मिमी. जाडीचे पत्रे वापरतात व त्यांना बळकटी देणाऱ्या पट्ट्या सर्वत्र जोडाव्या लागतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली व १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘निलगिरी’ ही लिअँडर वर्गातील पहिली भारतीय बनावटीची फ्रिगेट होय. अशा नौकांच्या बांधणीत विरूपणाचा प्रश्न पावलोपावली येतो.

एक मी. लांबीची पोलादी कांब १००° से. ने तापविल्यास सु. १·२ मिमी. वाढते. तिची दोन्ही टोके पक्की धरून ठेवल्यास एवढ्याच तापमानवाढीने साधे पोलाद आपल्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपर्यंत दाबले जाते. त्यापुढे ते कायमचे आखूड होते. जोडाजवळची पट्टी तर वितळबिंदूपर्यंत, म्हणजे सु. १,५००° से. पर्यंत, तापते आणि भोवतालचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही. निवताना ही आखूड झालेली पट्टी पत्र्याला आपल्याकडे ओढते. त्यामुळे जोडाच्या लांबीत व रुंदीत आकुंचन होते, पट्टीच्या दोन्ही बाजूंचा पत्रा कोनात वर उचलला जातो आणि पातळ पत्र्याला फुगवटे येतात. रुंदी तीच ठेवून जाडी निम्मी केल्यास पत्र्याची फुगवट्यास विरोध करण्याची क्षमता एक चतुर्थांश उरते. नौकेच्या कुशीवर आतल्या बरगड्या उठून दिसू लागल्या की, इंग्रजी बोलणारे जहाजबांधणीकार त्यास उपाशी घोड्याची उपमा देतात. प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. फुगलेल्या पत्र्याची दाब सोसण्याची शक्ती घटते व शेजारच्या खंडांच्या कडा जुळत नाहीत.

सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत स्वस्तही आहे : गरजेपेक्षा अधिक धातू न भरणे. कोनजोडाची बाजू ४ मिमी. ऐवजी ६ मिमी. केली, तर भरावाचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. ‘सुरक्षिततेसाठी थोडा जादा’ या सवयीने बळ फारसे वाढत नाही, विरूपण मात्र वाढते. जेथे चालेल तेथे तुटक जोड घालतात. पत्रे परस्परांस आधी जोडून पट्ट्या नंतर बसवितात. काम मध्यापासून कडांकडे व दोन्ही बाजूंस समतोल नेतात. लांब जोड छोट्या टप्प्यांत, प्रत्येक टप्पा एकूण प्रगतीच्या उलट दिशेने, घालतात. लेसर व विद्युत् प्रज्योत यांच्या संयुक्त पद्धतीत एकूण उष्णता कमी लागते. परंतु तीसाठी पत्र्यांच्या कडा फार अचूक कापाव्या लागतात.

पत्रा साच्यात करकचून धरल्यासही विरूपण घटते. पण त्याच्या मोबदल्यात पोलादात अंतर्गत ताण अडकून राहतात. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्यालगत शांत पाण्यात उभे असतानाच दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद व सदोष जोड हे अशा अपघातांमागील मुख्य दोष मानले जातात. तथापि अडकलेल्या ताणांकडेही त्यामुळे लक्ष वेधले गेले. म्हणूनच आडवे जोड आधी पुरे करून लांब जोड नंतर घालतात, म्हणजे प्रत्येक जोडास आकुंचन पावण्यास वाव मिळतो.

इतके करूनही राहिलेले फुगवटे ज्योतीने सु. ६००° से. पर्यंत ठिपक्यांत वा रेषांत तापवून व निववून ओढून घेतात. ज्या आकुंचनाने पत्रा बिघडला, त्याचाच येथे उपयोग होतो. कुशल हाताअभावी एक फुगवटा बसतो व शेजारी दुसरा उठतो; शिवाय तापमान वाढल्यास आधुनिक पोलादांची चिवटता कमी होते. माझगाव गोदीतच बांधलेली नवी ‘निलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यासारख्या नौकांचे खंड परस्परांस जोडण्यापूर्वीच त्यांत नळ व इतर सामग्री बसविलेली असते. अशा खंडात मागाहून ज्योत लावणे म्हणजे रंग व आतील सामग्री धोक्यात घालणे होय. यासाठी प्रत्येक जोडाचे अपेक्षित आकुंचन आधीच मोजून पत्रे तेवढे मोठे कापतात आणि प्रत्येक टप्प्यावर मापे तपासून पुढील खंडांसाठी तो अंदाज सुधारतात.