दवाखान्यातली यंत्रे आणि वीज

लोणीच्या माणसाला वीज नवी नाही. विहिरीवरची मोटार विजेवरच चालते. मोटारीला हात लावला आणि मुंग्या आल्या, की आपण म्हणतो, "करंट उतरलाय." लगेच वायरमनला बोलावतो.

दवाखान्यातही विजेची यंत्रे असतात. दुखणे वाढले म्हणजे आपण मंचरला जातो. फार झाले तर पुण्याला ससूनमध्ये जातो. तेथे हृदयाचे ठोके दाखवणारे यंत्र असते. नवजात बाळाला ऊब देणारे यंत्र असते. ही यंत्रे जीव वाचवतात. पण त्यांत करंट उतरला तर?

धडधाकट माणूस झटका बसताच हात मागे घेतो. बेशुद्ध रोगी कसा घेणार? तान्हे बाळ कोणाला सांगणार? शिवाय कोरडी कातडी विजेला पुष्कळ अडवते. रोग्याची कातडी औषधाने ओली असते, कोठे सुई टोचलेली असते. मग वीज सहज आत शिरते. नळी थेट हृदयापर्यंत घातली असेल, तर फारच जपावे लागते. आपल्याला कळणारही नाही इतक्या थोड्या करंटने हृदय बंद पडू शकते.

म्हणून यंत्राला अर्थिंग लागते. प्लगचा तिसरा, जाड पाय त्यासाठीच असतो. यंत्राच्या पत्र्यावर उतरलेली वीज त्या वाटेने जमिनीत जाते. तो पाय मोडला किंवा आतली तार तुटली, तर ती वाट बंद होते. यंत्र मात्र चालूच राहते! म्हणून 'चालतंय ना, मग झालं' असे म्हणून भागत नाही.

मग दोष कळावा कसा? तपासणी करून. जाणकार तंत्रज्ञ तीन गोष्टी मोजून पाहतो. अर्थिंगची तार अखंड आहे का? तारांवरचे वेष्टण शाबूत आहे का? पत्र्यावर आणि रोग्याला लावायच्या तारांत किती करंट येतो? यंत्र नवे आले, दुरुस्त झाले, किंवा ठरलेली मुदत भरली, की ही तपासणी करायची. मग यंत्रावर तारखेची चिठ्ठी डकवायची.

विजेचा दोष आगही लावतो. विदर्भात भंडारा येथे जिल्हा रुग्णालय आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, तेथे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. ७ बाळे वाचली. १० बाळे दगावली. ऊब देणाऱ्या यंत्रात ठिणगी पडली, असे चौकशी समितीने सांगितले. त्या आयांचे दुःख कोण भरून काढणार?

आपण काय करावे? रोग्याजवळच्या बटणावर मोबाईल लावू नये. यंत्राचा प्लग काढू नये. तारेवर खाट सरकवू नये. यंत्राला हात लागून मुंग्या आल्या, जळका वास आला, ठिणगी दिसली, तर ताबडतोब नर्सबाईंना सांगावे. कुणाला शॉक बसला, तर त्याला धरू नये. आधी वीज बंद करावी.

सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या सभासदांना विचारा, "यंत्रं शेवटची कधी तपासली?" आता आपल्याला वाचता येते. यंत्रावरची चिठ्ठी शोधा आणि तारीख वाचा. तारीख उलटून गेली असेल, तर डॉक्टरांना सांगा. ते आपलेच काम आहे.