उपवासाचा दिवस आणि औषधाची वेळ

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवून शनिवारी मात्र घाण्याला हात न लावणाऱ्या, आणि म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजाचा आपल्याशी भाषेचा व शेजाराचा संबंध इतका जुना आहे, की तो समाज ज्याला ‘दारफळणीचा सण’ म्हणत आला तो ज्यू पंचांगातील सर्वांत कडक उपवासाचा, योम किप्पुरचा, दिवस होय, हे पुष्कळ मराठी वाचकांस ठाऊक असेल. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत, सुमारे 25 तास, अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही, असे हे व्रत धडधाकट माणसाला झेपते. परंतु ज्याला दररोज इन्शुलिन टोचून घ्यावे लागते, ज्याच्या आतड्यांना वर्षानुवर्षे सूज आहे, किंवा जो मनोविकारावर लिथियम घेतो आणि म्हणून ज्याच्या शरीरातील पाणी घटणे धोक्याचे ठरते, अशा श्रद्धावानाने त्या दिवशी काय करावे?

मूळ कलम निःसंदिग्ध आहे. आज्ञा पाळाव्यात त्या मनुष्याने जगावे म्हणून, हा जो आशय बायबलमधील लेवीय ग्रंथाच्या 18व्या अध्यायात आला आहे, त्याच्या आधारे तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चाग्रंथाने जीवरक्षणाचे कर्तव्य इतर आज्ञांच्या वर ठेवले, आणि मूर्तिपूजा, अगम्यगमन व मनुष्यवध एवढीच तीन महापातके त्यातून वगळली. योम किप्पुरचा ऊहापोह करणाऱ्या ‘योमा’ या तालमूदातील ग्रंथात तर असे सांगितले आहे, की वैद्य ‘खाण्याची गरज नाही’ म्हणाला आणि रोगी ‘आहे’ म्हणाला, तर रोग्याचे ऐकावे. उलट रोगी ‘नको’ म्हणाला आणि वैद्य ‘हवे’ म्हणाला, तर वैद्याचे. दोन्हीकडून पारडे जिवाकडेच झुकावे, ही तजवीज करणाऱ्या शास्त्रकारांविषयी मला नितांत आदर वाटतो. बाराव्या शतकात कैरोजवळ वैद्यकी करणारे थोर धर्मपंडित मैमोनिदीस यांनीही, धर्माचे नियम जगाचा सूड घेण्यासाठी नसून त्यात दया व शांती नांदावी म्हणून आहेत, अशीच भूमिका घेतली.

खरी अडचण निराळीच आहे. योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरुख’ या 1565 साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या विधिसंहितेत आणि तिच्यावरील टीकाग्रंथांत रोग्यांच्या ज्या पायऱ्या मानल्या आहेत, त्यांत एकीकडे प्राणसंकटातला रोगी, दुसरीकडे किरकोळ दुखणेकरी, आणि मध्ये अंथरुणाला खिळलेला पण जिवाला धोका नसलेला मनुष्य. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ होणारा उपवास हा मधला रोगीही सोडू शकतो, किप्पुरला मात्र धोक्याची अट आहे. मग जो आज कामावर जातो, चारचौघांत हसतो, आणि एका दिवसाच्या कोरड्या उपवासाने पुढचे काही महिने गमावू शकतो, त्याला कोणत्या पायरीवर बसवावे? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथ परभारे देऊ शकत नाही. त्या रोग्याला ओळखणारा डॉक्टर आणि त्या डॉक्टरचे म्हणणे समजून घेणारा रब्बी (ज्यू धर्मगुरू), अशा दोघांना एकत्र बसावे लागते, आणि तेही सणाच्या आदल्या संध्याकाळी घाईने नव्हे.

पूर्ण उपवास आणि पूर्ण भोजन यांच्यामध्ये शास्त्राने एक वाट ठेवली आहे, ती मुद्दाम पाहण्याजोगी आहे. उपवासभंगाचा दोष लागतो तो ठराविक वेळेत ठराविक प्रमाण ओलांडले तर. सबब, थोड्याने भागत असेल अशा रोग्याने अन्न एका वेळी सुमारे 30 मिलिलिटर आकारमानाइतके घ्यावे, पाणी एका गालात मावेल त्याहून कमी घ्यावे, आणि दोन घोटांमध्ये सामान्यतः नऊ मिनिटे जाऊ द्यावीत, असे पुष्कळ रब्बी सांगतात. गालाचे माप प्रत्येकाचे वेगळे. म्हणून रोगी सणापूर्वीच तोंडात पाणी धरून ते पेल्यात काढतो, त्याहून थोडी खाली खूण करतो, आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ समोर ठेवून त्या खुणेपर्यंतच पेला भरतो. एवढ्याने भागत नसेल, तर त्याने पोटभर खावे. त्यात पाप नाही. आजाऱ्याने त्या दिवशी भोजन केलेच, तर भोजनोत्तर प्रार्थनेत त्या पवित्र दिवसाचा उल्लेखही करावा, असे कारो लिहितात. त्यांच्या लेखी ते जेवण धर्माबाहेर पडतच नाही.

तरीही मन ऐकत नाही. सारी मंडळी उपाशी उभी असताना आपण मात्र दाराआड घास घ्यायचा, या विचाराने कित्येक श्रद्धावान रोगी डॉक्टरांचा हुकूम मोडून उपास करतात, आणि त्यांच्या घरच्यांनाही त्यात पुण्य दिसते. 1848 साली विल्ना शहरात पटकीची साथ आली असता रब्बी इस्राएल सालांतर यांनी किप्पुरच्या दिवशी लोकांस खाण्याची मुभा दिली, आणि कोणी संकोचू नये म्हणून भर प्रार्थनामंदिरात स्वतः घास घेतला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तपशिलांविषयी मतभेद असतील, पण त्या कथेची आजच्या जुनाट रोग्यास जेवढी गरज आहे तेवढी क्वचितच कोणाला असेल. ज्याला खाण्याची आज्ञा आहे त्याने खाणे, हेच माझ्या मते त्याचे त्या दिवशीचे अधिक कठीण व्रत होय.

उपवासाप्रमाणेच शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाचा, प्रश्नही रोग्यापुढे असतो, आणि तो यंत्रांमुळे गुंतागुंतीचा झाला. विजेचे बटण दाबणे त्या दिवशी वर्ज्य. आणि मधुमेह्याच्या कमरेला इन्शुलिनचा पंप, दंडावर साखर मोजणारा संवेदक. जिवाला धोका असेल तेथे बटण दाबण्यास आडकाठी नाहीच. परंतु इशाऱ्यांच्या घंटा वगैरे जे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लावून ठेवता येते ते तेव्हाच लावावे, असा दंडक आहे. यरुशलेमचे शारे त्सेदेक रुग्णालय 1902 पासून अशा प्रश्नांचे माहेरघर झाले. तेथील रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी डॉक्टरांच्या शंकांना दिलेली उत्तरे ‘त्सित्स एलिएझर’ या ग्रंथमालेत वाचावयास मिळतात. त्सोमेत नावाच्या संस्थेने तर पंगू माणसाला शनिवारी फिरता यावे म्हणून विजेच्या चाकाच्या खुर्चीत असा फेरफार केला, की बसणाऱ्याची कृती मोटारीला थेट चालना देत नाही.

वल्हांडणाचे संकट स्वयंपाकघरातले. गव्हाने ज्याची आतडी झिजतात त्याच्यासाठी ग्लुटेनमुक्त ओटची मात्सा, म्हणजे त्या सणाची बेखमीर भाकर, मिळते. सणाच्या रात्रीच्या विधीतले मद्याचे चार पेले न सोसणारा द्राक्षरस घेतो, पण मधुमेह्याला त्यातली साखरही मोजावी लागते, आणि बेने इस्राएलांच्या घरी चालत आलेले किसमिसाचे शरबतही त्याला अपवाद नाही. सर्वांत जाच होतो तो साफसफाईचा, आणि तो बहुतेक स्त्रियांच्याच वाट्याला येतो. सांधेदुखीने हैराण झालेली बाई खिडक्यांच्या काचा पुसत, पडदे धूत आठवडे काढते. वस्तुतः शास्त्र मागते ते घरातील खमीर काढणे, धूळ काढणे नव्हे. हे तिला रब्बीने स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि जे खरोखर काढावयाचे आहे ते घरच्या इतरांनी काढावे.